रोहिणी निघाली, मृग यायचाय: कोल्हापूरच्या पाच जणांची काश्मीरच्या तळ्यांवरची ट्राउट ट्रिप, एक प्रकरण

आधीच सांगतो, यातल्या माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, गावंसुद्धा मोघम ठेवलीत. बाकी जे घडलं ते घडलं तसं लिहिलंय, आमची शोभा झालेली जागासुद्धा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाठीवर सॅक टाकून उंचावरच्या तळ्यांवर मासे धरायला जायचं असेल तर प्लॅनिंग कुठं फसतं आणि कुठं तरतं, हे दुसऱ्या कुणाला कामाला आलं तर बरं म्हणून हा खटाटोप.

पार्श्वभूमी

आम्ही पाच जण. मास्तर हायस्कूलला भूगोल शिकवतात. अण्णा शेतकरी, ऊस आणि थोडं भात, वय ५३, बीपीची गोळी चालू. एक वकील. एक बारक्या, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला, वय २४, अंगात लई रग. आणि मी, ज्याच्याकडं सगळं बुकिंग येतं कारण क्रेडिट कार्ड माझं. पन्हाळा ते पावनखिंड आम्ही पावसात बऱ्याच वेळा केलंय, सुट्टी मिळाली की राधानगरीच्या बॅकवॉटरला गळ टाकून बसायचं हा दुसरा नाद. आता गळ म्हणजे काय तर तंगूस, शिसं, गांडूळ नाहीतर कणकेचा गोळा, आणि मिळालं तर मरळ, नाहीतर तिलापिया. बसायचं, गप्पा मारायच्या, चहा प्यायचा, संध्याकाळी घरी. एवढ्या भांडवलावर आम्ही काश्मीरला ट्राउट धरायला निघालो होतो.

फेब्रुवारीत रंकाळ्यावर बसलो होतो, तिथं बारक्यानं मोबाईल पुढं केला. निळंशार तळं, भोवती हिरवं गवत, पिवळी-जांभळी फुलं, आणि एक जण रॉड घेऊन उभा. "भावा, हे विशनसर. हितं ट्राउट हाय. जाऊया की." काश्मीर ग्रेट लेक्स म्हणून जो ट्रेक आहे, सोनमर्गवरनं चढायचं आणि विशनसर, कृष्णसर, गडसर, सतसर, गंगाबल असं करत नारानागला उतरायचं, साधारण ७० किलोमीटर, त्यातलं ते तळं. अण्णांनी व्हिडिओ दोनदा बघितला आणि म्हणाले, "पाणी लई निर्मळ हाय रं, मासा बसलेला दिसंल." बास, ठरलं.

तारखा कशा ठरल्या ते नीट सांगायला पाहिजे, कारण सगळं प्रकरण तिथंच अडकलंय. मास्तरांची शाळा जूनच्या मध्याला उघडते आणि त्याआधी चार दिवस हजर राहावं लागतं. अण्णांना रोहिणी नक्षत्रात, म्हणजे २५ मेनंतर, शेताची तयारी लावून द्यायची आणि मृगाला, म्हणजे ७-८ जूनला, घरी पाहिजेच, पाऊस आला आणि मालक काश्मीरात असं चालत नाही. वकिलांना कोर्टाची उन्हाळी सुट्टी. बारक्याला वर्षाची रजा एकदाच. सगळ्यांचं जुळवून २८ मे ते ६ जून एवढीच खिडकी निघाली. मी मार्चच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून दिल्लीमार्गे श्रीनगरची विमानं बुक केली, स्वस्तातली, रिफंड नसलेली. त्या दिवशी पाचही जणांना वाटलं निम्मं काम झालं.

अडचण

एप्रिलच्या सुरुवातीला मास्तरांनी एक साधा प्रश्न विचारला, "हे गवत हिरवं हाय म्हणजे व्हिडिओ कधीचा?" व्हिडिओ ऑगस्टचा निघाला. ट्रेकच्या कंपन्यांच्या तारखा बघितल्या तर जुलैच्या आधी फारसं कुणी तो ट्रेक लावत नाही, साधारण जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत एवढाच सीझन. कारण सरळ आहे. निचनाई खिंड चार हजार मीटरच्या वर, गडसर खिंड त्याहून उंच, साधारण ४,२०० मीटर. मेच्या शेवटी तिथं बर्फ असतो आणि कृष्णसरच्या काठावरनं गडसर खिंडीकडं जो तिरका चढ आहे तो बर्फात म्हणजे घसरलं की थेट तळ्यात.

आमच्या डोक्यात उन्हाळा म्हणजे उन्हाळा. इकडं मेमध्ये विहिरी तळाला गेलेल्या असतात. तिकडं त्याच मेमध्ये पाणी नुकतं सुटायला लागलेलं असतं, हे भूगोलाच्या मास्तरांसकट कुणाच्या ध्यानात आलं नाही. मास्तर आजही हे मान्य करताना जरा खाकरतात.

दुसरी अडचण माशाची. ट्राउट हा काश्मीरचा मूळ मासा नव्हे, १९०० च्या सुमारास स्कॉटलंडहून त्याची अंडी आणून तिथं वाढवला आणि मग नद्या-तळ्यांत सोडला. तेव्हापासून तो सरकारी देखरेखीतला मासा आहे, परमिटशिवाय गळ टाकता येत नाही, कुठल्या पाण्यात, किती दिवस, काय वापरून, सगळं त्या कागदावर. राधानगरीला आम्ही ठेकेदाराच्या माणसाला चहा पाजून बसायचो, तसलं तिथं काही नाही. आणि गांडूळ चालणार नाही, स्पिनर (गोल फिरणारं पत्र्याचं पातं लावलेला गळ) किंवा फ्लाय (पिसा-दोऱ्याची खोटी माशी), म्हणजे कृत्रिम आमिषच. अण्णांचा यावर विश्वासच बसेना. "पत्रा टाकून मासा कसा येईल रं?"

तिसरी उंचीची. कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर. आम्ही जिथं झोपणार होतो ते तीन हजारांच्या वर.

काय काय पर्याय होते

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी वकिलांच्या ऑफिसात बसलो, मिसळ मागवली आणि चांगली तीन तास भांडणं झाली.

बारक्याचं म्हणणं, ठरलंय तेच करायचं. लोकल गाईड घ्यायचा, दोरी घ्यायची, बुटाला लावायचे काटे घ्यायचे. त्याच्याकडं आणखी एक व्हिडिओ होता, कुणीतरी जूनच्या पहिल्या आठवड्यात निचनाई ओलांडतोय असा. वकिलांनी त्याला तिथंच धरला, तो माणूस गिर्यारोहणाचा कोर्स केलेला आहे हे व्हिडिओखालीच लिहिलं होतं. आपल्यातल्या एकानंही बर्फावर कधी पाय ठेवलेला नाही. बर्फ म्हणून आम्हाला माहीत तो रसवंतीच्या गुऱ्हाळातला.

दुसरा पर्याय, तारीख पुढं ढकलायची, जुलैअखेर किंवा ऑगस्ट. ट्रेकसाठी हाच सगळ्यात शहाणपणाचा. पण मास्तर आणि अण्णा गळाले असते, विमानाचे पैसे बुडाले असते. मी त्यावेळी पैशाचा मुद्दा जरा जास्तच रेटला, कारण बुकिंग माझ्या हातनं झालेलं, हे आता कळतं.

तिसरा पर्याय वकिलांचा, काश्मीर सोडून उत्तरकाशीजवळच्या दोडीतालला जायचं. उंची साधारण तीन हजार मीटरच्या आसपास, वाट जंगलातली, तिथंही ट्राउट, बर्फ लवकर जातो. चांगला होता पर्याय. पण मे-जूनमध्ये चारधामची गर्दी, रस्त्यात दोन दिवस कुठं जातील सांगता येत नाही, आणि परत तिकिटाचं तेच.

चौथा मास्तरांनी काढला. ग्रेट लेक्स ट्रेकचं शेवटचं टोक उलट्या बाजूनं करायचं. नारानागवरनं वर, ट्रुंखोलच्या कुरणात मुक्काम, तिथनं नुंदकोल आणि गंगाबल बघून त्याच वाटेनं खाली. हरमुख डोंगराच्या, ५,१४२ मीटर, पायथ्याशी ही दोन्ही तळी आहेत, गंगाबल साधारण ३,५७० मीटरवर, नुंदकोल त्याच्या जरा खाली. मधे एकही मोठी खिंड नाही, एका बाजूचं अंतर १५ किलोमीटरच्या आसपास आणि जिथं पटत नाही तिथनं वळून खाली यायची सोय. काश्मिरी पंडितांची भाद्रपदातली यात्रा याच वाटेनं जाते, म्हणजे वाट जुनी आणि मळलेली.

पाचवा पर्याय कुणालाच बोलायला नको होता, तो अण्णा बोलले: वर जायचंच नाही, रस्त्याकडेच्या सिंध नदीवर (ही मोठी सिंधू नव्हे) परमिट काढायचं, गळ टाकायचा, हॉटेलात झोपायचं. बारक्या म्हणाला मग राधानगरी काय वाईट हाय.

शेवटी चौथा घेतला आणि पाचवा राखीव ठेवला. पण एका अटीवर, आणि ही अट मला सगळ्या प्रकरणातली सगळ्यात कामाची गोष्ट वाटते: चौथ्यावर जायचं का पाचव्यावर उतरायचं हे निघायच्या चार दिवस आधी बर्फ बघून ठरवायचं, आत्ता जीव तोडून भांडायचं नाही.

बर्फ कोल्हापुरात बसून कसा बघितला

मास्तरांनी इथं भूगोलाची अब्रू राखली. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचे फोटो फुकट बघायला मिळतात, एकाच जागेचा फोटो साधारण पाच दिवसांनी येतो, दहा मीटरपर्यंतचं दिसतं. मास्तर शाळेच्या कॉम्प्युटरवर गंगाबल शोधून बसले. मेच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही तळी पांढरीफेक, तळं कुठलं आणि उतार कुठला कळत नाही. नंतरचे दोन फोटो नुसते ढग. २० मेच्या सुमाराच्या फोटोत ट्रुंखोलच्या कुरणात तपकिरी ठिपके दिसायला लागले आणि नुंदकोलच्या एका टोकाला, जिथनं पाणी बाहेर पडतं तिथं, काळी कोर. नखाएवढी. मास्तरांनी तो फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "दार किलकिलं झालंय."

निचनाईकडं बघितलं तर सगळं पांढरं. बारक्यानं तो फोटो झूम करून बराच वेळ बघितला आणि त्यानंतर ग्रेट लेक्सचा विषय काढला नाही.

फोटोवर भागत नाही म्हणून नारानागच्या एका घोडेवाल्याला, ओळखीतून नंबर मिळाला होता, फोन केला. त्यानं एकच सांगितलं, बकरवाल, म्हणजे तिकडचे फिरस्ते मेंढपाळ, आपली जनावरं घेऊन वर निघालेत का ते आठ दिवसांनी विचारा, ते निघाले की वाट झाली समजा. २४ मेला त्याचा फोन आला, निघाले.

तयारीत काय केलं

फिटनेसचं फार सांगत नाही, पहाटे पाचला सॅक घेऊन जोतिबाचा डोंगर आणि दोन रविवार मसाई पठार, मेच्या उन्हात त्याहून जास्त जमत नाही.

वजनाचं मात्र सांगतो. अण्णांच्या ओळखीनं मार्केट यार्डात एका अडत्याकडं गेलो, जिथं गुळाचे रवे तोलतात त्या काट्यावर पाच सॅका ठेवल्या. बारक्याची साडेएकोणीस किलो. हमाल बघून हसायला लागले, "गूळ न्यायलाय का काय?" तिथंच फरशीवर सगळं ओतलं. बारक्याच्या सॅकमधनं निघालं: तीन रॉड, दोन किलो भडंग, कांदा-लसूण मसाल्याची बरणी, काचेची, जीनच्या दोन पँट, आणि एक लोखंडी तवा. तवा बघून वकील खाली बसले. जीनच्या पँट काढल्या कारण भिजली की वाळत नाही आणि थंडीत जीवावर येते, काचेची बरणी जाऊन प्लास्टिकची पुडी आली, तवा अडत्याकडंच राहिला. परत तोललं, बारा किलो. भडंग एक किलो ठेवलं, त्यावर तडजोड नाही.

रॉडला अण्णांनी ड्रिपसाठी आणलेल्या पीव्हीसी पाइपचा तुकडा कापून दिला, दोन्हीकडं टोपण, आत जुना टॉवेल. विमानात तो सामानात टाकावा लागतो, गळ-स्पिनरची डबीसुद्धा, केबिनमध्ये नेऊन चालत नाही. गॅसचं सिलेंडर विमानात नेताच येत नाही, ते श्रीनगरात घ्यायचं ठरवलं.

फेकायची प्रॅक्टिस मोकळ्या मैदानात. गळ काढून टाकायचा, त्याजागी बारक्यानं कारखान्यातनं आणलेला नट बांधायचा आणि वीस पावलांवर ठेवलेल्या टायरमध्ये पाडायचा. अण्णांचं मनगट नांगर धरलेलं, नट पार कंपाउंडच्या बाहेर. आठव्या दिवशी सगळ्यात जास्त वेळा टायरमध्ये पाडणारे पण अण्णाच.

डॉक्टरांकडं अण्णांना नेलं. बीपी आटोक्यात होतं म्हणून परवानगी मिळाली, डायमॉक्सबद्दल, म्हणजे उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळीबद्दल, बोलणं झालं, सल्फाची ॲलर्जी आहे का ते विचारलं, आणि गोळी घेतली म्हणून भराभर चढायचं नाही हे दोनदा बजावलं. तीन हजार मीटरच्या वर गेलं की झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही, असा साधा नियम असतो. तो आम्ही लिहून घेतला आणि प्लॅनमध्ये मात्र पाळला नाही, त्याबद्दल पुढं येतंच.

मोबाईलचं सांगायला पाहिजे: बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेडच लागतं. पाचातले चौघं प्रीपेड. हे २६ मेला कळलं. सॅटेलाइट फोनचा विचारसुद्धा करू नका, परवानगीशिवाय तो बाळगणं आपल्याकडं गुन्हा आहे.

तिथं गेल्यावर

श्रीनगरात पोचलो ती शनिवारची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी रविवार, परमिटचं ऑफिस बंद. एवढा अभ्यास केला, सेंटिनेल बघितला, आणि रविवार बघितला नाही. सोमवारी परमिट मिळालं, सरळ काम, त्रास काही नाही, पण एक दिवस गेला. आता हा गेलेला दिवस श्रीनगरात १,५८५ मीटरवर गेला, तोच नारानागला साधारण २,१०० मीटरवर घालवला असता तर अंगाला सवय झाली असती. पहिला निर्णय चुकला तो हा, आणि चुकला म्हणून कुणाला जाणवलासुद्धा नाही, आम्ही शिकाऱ्यात बसून फोटो काढत होतो.

दिवस वाचवायला म्हणून सोमवारी रात्री नारानागला झोपलो आणि मंगळवारी एका दमात ट्रुंखोल. हजार मीटरच्या वर चढ एका दिवसात. सामान दोन घोड्यांवर होतं, गाईड सोबत, आधी देवदार-पाइनचं जंगल, त्याच्यावर उघडं कुरण, सावलीच्या घळीत बर्फाच्या जुन्या मळकट लाद्या. देखावा काय सांगावा. पण संध्याकाळी तंबूपाशी बसलो तेव्हा मास्तरांनी हळूच मला कोपर मारलं. अण्णांच्या पुढं भडंगाची वाटी तशीच होती.

आमचा कोल्हापुरात ठरलेला नियम होता, डोकं दुखलं तर सांगायचं, लपवायचं नाही. अण्णा म्हणाले, "चहा मिळाला न्हाई म्हणून दुखतंय." चहा दिला, तो अर्धा ठेवला. मग कबूल केलं, दुपारपासनं दुखतंय, मळमळतंय. सांगितलं असतं तर सगळी मागं फिरली असती, म्हणून बोललो नाही, असं म्हणाले. या एका वाक्यात मला आमच्या प्लॅनिंगची खरी खोट दिसते. आम्ही नियम केला, पण एकाचं दुखलं तर बाकीच्यांचं काय हे ठरवलं नाही, मग माणूस बोलणार कसा?

रात्री दहाला टॉर्चच्या उजेडात दुसरा निर्णय. खाली न्यायचं का थांबायचं? गाईडनं अण्णांना सरळ रेषेत चालायला लावलं, बोलायला लावलं, खोकला-धाप बघितली. चाल नीट, बोलणं नीट, धाप नाही. ठरलं असं: आणखी वर कुणीही झोपायला जायचं नाही, अण्णांनी दुसरा दिवस इथंच काढायचा, वकील त्यांच्याबरोबर थांबणार, आणि पहाटेपर्यंत जराही वाढलं तर अंधारातसुद्धा घोड्यावर बसवून खाली. नुंदकोलला मुक्काम करायचा बेत तिथंच रद्द. बारक्या काही बोलला नाही, पण स्लीपिंग बॅगची चेन जरा जोरात ओढली.

सकाळी अण्णांनी स्वतःहून खायला मागितलं. डोकं थोडं होतं, मळमळ गेली होती.

तळ्यावर

मी, मास्तर, बारक्या आणि गाईड सकाळी सहाला छोट्या बॅगा घेऊन निघालो. रात्रीच्या गारठ्यानं बर्फ टणक, बुटाला काटे लावले की चालायला सोपं. वाटेत ओढा आला तो घोट्याएवढा, दगडांवरनं ओलांडला.

नुंदकोलचं पाणी बाहेर पडायच्या बाजूला तळं मोकळं झालं होतं, बाकी निम्म्यावर करडा, सच्छिद्र बर्फ. वर जाऊन गंगाबल बघून आलो, ते जवळजवळ बंदच, काठाला फूटभर पाण्याची किनार, म्हणजे गळ टाकायला तिथं काहीच नाही. परत नुंदकोलला आलो.

आता मासा कुठं असेल? चार अंशांचं पाणी सगळ्यात जड, ते तळाला बसतं, हे मास्तरांनी येताना समजावलं होतं, म्हणून अशा वेळी उथळ काठ आणि पाणी बाहेर पडायची जागा आधी तापते, खाणं तिथंच वाहत येतं आणि मासा पण तिथंच. पटलं. पण फेकून फेकून नऊ वाजले, दहा वाजले, काही नाही. बारक्या राधानगरीच्या मरळीसारखा सपासप ओढत होता. गार पाण्यातला मासा सुस्त असतो, तो पळत्या घासामागं येत नाही. गाईडनं बारक्याच्या हातातनं रॉड घेतला, स्पिनर टाकला, बुडू दिला, आणि हँडल इतकं सावकाश फिरवलं की मला वाटलं अडकला. पातं जेमतेम फिरत होतं.

एक गोष्ट लिहून ठेवतो. बोटं गारठली की तंगुसाला गाठ बसत नाही. घरी टीव्ही बघत मारलेली गाठ तिथं तीन वेळा सुटली, तीन स्पिनर तळ्यात गेले. शेवटी तोंडात बोटं धरून गरम केली, तंगूस थुंकीनं ओला केला, सात वेढे मोजून घातले आणि दातानं ओढून बसवली, तेव्हा टिकली.

अकराच्या पुढं ऊन पाण्यावर आलं आणि मास्तरांचा रॉड वाकला. मरळ जशी खाली बसते तसं याचं नव्हतं, हा आडवा पळत होता, दोनदा पाण्याबाहेर उसळला. काठाला आणला. वीत आणि वर चार बोटं. पाठ शेवाळी-तपकिरी, पोटाकडं पितळेसारखा पिवळा, अंगावर काळे आणि लाल ठिपके, आणि लाल ठिपक्याभोवती फिकट कडं, जसं कुणी बारीक कुंचल्यानं काढलेलं. हात ओला करून धरला कारण कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो. मास्तर एवढंच म्हणाले, "हे अण्णांनी बघायला पाहिजे होतं." आणि सोडला.

एकूण तीन मिळाले. दोन सोडले, तिसऱ्याच्या कल्ल्यात गळ रुतला होता, रक्त थांबेना, तो ठेवला, परमिटात बसत होता.

दोन वाजता बारक्याला पलीकडच्या बर्फाच्या उतारावर चढून फोटो काढायचा होता. गाईड नको म्हणाला. बारक्यानं चार पावलं टाकली आणि पाचव्याला मांडीपर्यंत आत. सकाळचा टणक बर्फ दुपारी लापशी झालेला असतो. बूट बाहेर काढायला दहा मिनिटं लागली.

खरी चूक पुढं. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा चारला परत आलो तेव्हा गुडघ्याच्या वर, गढूळ, आणि आत दगड घरंगळल्याचा आवाज. दिवसभराच्या उन्हानं वितळलेलं पाणी दुपारनंतर खाली येतं, हे आम्हाला वाचून माहीत होतं. बारापर्यंत परतायचं कागदावर लिहिलंसुद्धा होतं. पण मासा लागायला लागला तोच अकरानंतर, कोण उठतंय? गाईडनं वरच्या अंगाला तासभर चालवून एका ओंडक्यावरनं पलीकडं नेलं. सूर्य डोंगराआड गेला, पाय ओले, कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

तंबूपाशी अण्णा बाहेर उभे होते, हातात वकिलांचा मफलर. शिव्या दिल्या आम्हाला. म्हणजे बरे होते.

निष्पत्ती

पाचही जण धडधाकट परत आले. अण्णांनी तिसऱ्या दिवशी ट्रुंखोलजवळच्या ओढ्यात गळ टाकला नाही कारण आमचं परमिट त्या पाण्याचं नव्हतं, नुसते काठावर बसले. तो एक मासा कांदा-लसूण मसाला लावून भाजला, पाच जणांत दोन-दोन घास, आणि वकिलांचं मत पडलं की एवढ्या नाजूक माशाला आपला मसाला म्हणजे कुस्तीच्या फडात लहान पोरगं उतरवल्यासारखं झालं. खर्च माणशी साधारण २७ हजार. ५ जूनला रात्री पुण्यात, ६ ला सकाळी कोल्हापूर. मृगाचा पाऊस त्या वर्षी चार दिवस उशिरा आला, ते ऐकून बारक्यानं कपाळावर हात मारला.

काय वेगळं केलं असतं

विमान शेवटी बुक केलं असतं, किंवा चार पैसे जास्त देऊन बदलता येणारं. एकदा तिकीट हातात आलं की प्रत्येक पर्याय त्या तिकिटाच्या बाजूनं झुकायला लागतो, दोडीतालवर आम्ही धड विचार केलाच नाही. अण्णांच्या हिशेबानं बघितलं तर तेच ठिकाण बरोबर होतं असं मला आजही वाटतं, मास्तरांना वाटत नाही.

परमिटचा वार आणि सुट्टी आधी बघितली असती. नारानागला दोन रात्री, मग ट्रुंखोल, मग एक पूर्ण दिवस राखीव. आमच्याकडं राखीव दिवस होता, तो रविवारनं खाल्ला.

नियम असा केला असता: एकाचं डोकं दुखलं तर कोण त्याच्याबरोबर थांबणार हे कोल्हापुरातच, नावानिशी. आणि परतायची वेळ पाळायचं काम मासे न धरणाऱ्याकडं, म्हणजे गाईडकडं, आणि तो म्हणेल तेव्हा रॉड गुंडाळायचा, मासा लागलेला असला तरी.

आता कुणी जाणार असेल तर एक वेगळीच गोष्ट आधी बघा. एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर काश्मीरातली बरीच ठिकाणं काही काळ बंद होती, तेव्हा कुठली वाट उघडी आहे हे तिथल्या प्रशासनाकडनंच विचारून घ्या, जुन्या व्हिडिओवर जाऊ नका. आमच्या व्हिडिओचं काय झालं ते वाचलंतच.

बारक्या परवा म्हणत होता सप्टेंबरात जाऊया, खिंडी उघड्या, तळी मोकळी. मास्तरांनी कॅलेंडर काढलं. गणपती, सहामाही परीक्षेची तयारी, पुढं नवरात्र, आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वर परत बर्फ. अण्णा म्हणाले, "मला बोलवू नका, ऊस तुटायच्या आधी पाणी द्यायचं असतंय." पीव्हीसीचा पाइप मात्र त्यांनी गोठ्यात आढ्याला टांगून ठेवलाय, दोन्ही टोपणं लावून.